एक घाणा जुना, एक घाणा नवा

रवा भाजताना आई चुलीपासून क्षणभरही का हलत नाही, हा प्रश्न लहानपणी मला नेहमी पडत असे. दारात कोणी आले तरी ती बसल्या जागेवरूनच उत्तर देई. घाई केली तर रवा कच्चा राहतो आणि शिरा चिकट होतो. जरा दुर्लक्ष झाले तर तो करपतो आणि मग कितीही साखर घातली तरी कडवटपणा जात नाही. आईजवळ घड्याळ नव्हते. "वास सुटला," असे ती म्हणे आणि आधणाचे पाणी कढईत ओती. तो वास नेमका केव्हा सुटतो, हे मला तेव्हा कधीच कळले नाही.

पुढे अनेक वर्षांनी, मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर, हाच प्रकार मला एका दुकानात पाहावयास मिळाला. तेथे कढईच्या जागी फिरते लोखंडी पिंप होते आणि रव्याच्या जागी कॉफीच्या बिया होत्या.

मुंबईतील माटुंगा हा दाक्षिणात्य लोकांच्या जुन्या वस्तीचा भाग आहे. सकाळी स्थानकातून पूर्वेकडे उतरले, की मोगऱ्याचे गजरे, केळीची पाने आणि इडलीची वाफ यांच्या जोडीने ताज्या भाजलेल्या कॉफीचा सुगंध येतो. तेथील एका गल्लीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे लहानसे दुकान आहे. पुढच्या बाजूस विक्रीची फळी, मागच्या खोलीत एका वेळी पाच किलो बिया भाजणारे यंत्र आणि हाताखाली तीन माणसे, एवढाच त्याचा पसारा. त्याचे वडील कर्नाटकातून येथे आले. घरात कन्नड आणि शाळेत मराठी, यामुळे निबंधात त्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत. गणितात मात्र तो पक्का होता.

कॉफी आपल्याकडची मूळची नव्हे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या एका सूफी सत्पुरुषाने मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. सातचा आकडा खरा असो वा नसो, त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकातून येते. कॉफीच्या लाल फळात सामान्यतः दोन बिया चपट्या बाजूंनी एकमेकींना चिकटून वाढतात. क्वचित एकच बी वाढते आणि ती गोल होते. तिला व्यापारी पीबेरी म्हणतात. कच्ची बी हिरवट करड्या रंगाची आणि दाताने न फुटणारी असते. तिला वास येतो तो वाळलेल्या गवताचा. ही बी पाहून कोणालाही कॉफीची आठवण होणार नाही. कॉफी बागेत पिकते हे खरे; परंतु तिची चव आणि वास जन्माला येतात ते भट्टीवर.

भट्टीवर एक वृद्ध कारागीर होते. त्यांना सर्वजण मामा म्हणत. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून एक घाणा आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. (आई चकल्यांचा घाणा म्हणे, म्हणून मीही घाणाच म्हणतो.) पिंप आधी चांगले तापवले होते. त्यात पाच किलो थंड बिया पडताच उष्णतामापकाचा काटा झर्रकन खाली आला आणि मग हळूहळू वर चढू लागला. बिया प्रथम फिकट झाल्या, नंतर पिवळ्या. ओल्या गवताचा वास जाऊन पावाच्या भट्टीजवळ येतो तसा वास येऊ लागला. रंग तपकिरी झाला आणि बियांवरची पातळ साले सुटून उडू लागली. काटा २०० अंश सेल्सियसच्या आसपास आला असता पिंपातून तड्तड् असा आवाज ऐकू आला. जणू आत कोणी लाह्या फोडीत होते. बीच्या आत कोंडलेली वाफ आणि वायू तिला फोडून बाहेर पडू लागले होते.

"आता बोलू नका," मामा म्हणाले, आणि मी, जन्मभर मुलांना गप्प बसवणारा, गप्प बसलो. या पहिल्या तडतडीनंतर प्रत्येक अर्धा मिनिट महत्त्वाचा असतो. पुढे आणखी तापवले तर दुसरी, बारीक तडतड सुरू होते, बियांवर तेल दिसू लागते आणि कॉफीच्या मूळ स्वादावर धुराचा कडवटपणा मात करतो. मामा पळीने चार बिया बाहेर काढीत, रंग पाहत, नाकाशी नेत आणि परत आत टाकीत. एकाएकी त्यांनी दांडा ओढला. सर्व बिया खालच्या जाळीवर कोसळल्या आणि पंख्याचा वारा सुरू झाला, कारण पिंपातून काढल्या तरी बिया स्वतःच्याच उष्णतेने भाजत राहतात. गार झाल्यावर वजन केले, ते चार किलो दोनशे ग्रॅम भरले. आठशे ग्रॅम पाणी, वायू आणि साले निघून गेली होती. बिया मात्र फुगून पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्या होत्या.

भाजल्याने हा रंग आणि हा वास का येतो, याचा उलगडा होण्याचा मार्ग फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये दाखवून दिला. शर्करा आणि अमिनो आम्ले उष्णतेने एकमेकांशी संयोग पावली, म्हणजे तपकिरी रंगाचे आणि नाना वासांचे पदार्थ तयार होतात. भाकरीचा खरपूस पापुद्रा, भाजलेला शेंगदाणा आणि आईच्या कढईतील रवा ही सर्व त्याच क्रियेची रूपे होत.

परंतु मी त्या दुकानात गेलो होतो तो कॉफी पाहण्यासाठी नव्हे. गेल्या श्रावणात माझ्या विद्यार्थ्याने मला मुद्दाम बोलावून घेतले होते. "सर, मी फसलो आहे," तो म्हणाला, "पण कोठे फसलो, तेच कळत नाही."

घडले होते ते असे. त्याचे वडील चौदा मिनिटांत एक घाणा काढीत. आच वाढवून तेच काम अकरा मिनिटांत करावे, म्हणजे दिवसाकाठी अधिक घाणे निघतील, असा त्याने विचार केला. त्याने दोन्ही प्रकारच्या बियांची कॉफी करून दुकानातील सर्वांना पाजली आणि विचारले, "ही नवी पद्धत आहे. कशी वाटते?" सर्वांनी नव्या कॉफीची वाहवा केली. मालकाने असे विचारल्यावर दुसरे कोण काय सांगणार? शिवाय जुन्या पद्धतीची कॉफी आठ दिवस डब्यात पडलेली होती आणि नवी परवाच भाजलेली होती, हे मामांनी मला नंतर सांगितले. "मालकांनी विचारले नाही, मीही बोललो नाही," असे ते म्हणाले.

नवी पद्धत सुरू झाली. आषाढात एका उपाहारगृहाचे वृद्ध मालक दुकानात आले. तीस वर्षांचे हे गिऱ्हाईक. दुकानाच्या विक्रीपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांच्याकडे जाई. पिशवी फळीवर ठेवून ते म्हणाले, "तुझ्या वडिलांची कॉफी आता राहिली नाही. महिनाअखेरपर्यंत पाहीन, नाही तर दुसरीकडून घेईन." विद्यार्थ्याने घाबरून त्याच दिवसापासून पुन्हा चौदा मिनिटांचा घाणा सुरू केला. आठ दिवसांनी निरोप आला : फरक नाही.

मी त्याच्याकडे वही मागितली. वडिलांच्या काळापासून दुकानात लाल कापडी बांधणीची वही होती. तारीख, बियांचे पोते, कच्चे वजन, भाजलेले वजन, लागलेली मिनिटे, सर्व तिच्यात लिहिलेले असे. आम्ही दोघे ज्येष्ठाची पाने वाचीत बसलो आणि थोड्याच वेळात तो गप्प झाला. त्या एका महिन्यात तीन गोष्टी बदलल्या होत्या. भाजण्याचा वेळ बदलला होता. नव्या हंगामाच्या बियांचे पोते उघडले होते. आणि जुन्या व्यापाऱ्याने धंदा बंद केल्यामुळे चिकोरी गुजरातेतील दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आली होती. चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. ते भाजून त्याची पूड कॉफीत मिसळतात. त्याने डिकॉक्शन दाट आणि गडद होते. आपल्याकडील नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि तिचे प्रमाण पुडीवर छापावे लागते. या दुकानाच्या मिश्रणात कॉफी ८० भाग आणि चिकोरी २० भाग असे.

"अरे," मी म्हटले, "वर्गाच्या खिडकीची काच फुटली आणि तीन मुले पळाली, तर पहिल्याच मुलाला धरून छड्या मारायच्या का?"

"मग तिघांना वेगवेगळे विचारावे लागेल," तो म्हणाला. गणितातला त्याचा स्वभाव जागा झाला होता.

तेव्हा मी त्याला इंग्लंडमधील एक गोष्ट सांगितली. १९२० नंतरच्या काही वर्षांत रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचे गणिती काम करीत होते. एकदा त्यांनी म्युरिएल ब्रिस्टल या विदुषींना चहाचा पेला देऊ केला. "यात आधी चहा आणि मग दूध घातले आहे, मला आधी दूध घातलेला चहा आवडतो," असे म्हणून त्यांनी तो नाकारला. फिशर हसले, चवीत असा काय फरक पडणार? त्यावर परीक्षाच घेण्याचे ठरले. आठ पेले भरावयाचे. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. ते कोणत्याही क्रमाने पुढे ठेवावयाचे आणि बाईंनी चार-चार वेगळे काढावयाचे. आठांतून चार निवडण्याच्या रीती ७० आहेत. म्हणजे केवळ अंदाजाने सर्व बरोबर येण्याचा संभव ७० मध्ये एक. ब्रिस्टलबाईंनी सर्व पेले ओळखले, असे सांगतात. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात ही परीक्षा सविस्तर मांडली, पण निकाल दिला नाही. प्रश्न कसा विचारावा, हेच त्यांना सांगावयाचे असावे. हे फिशर पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही येऊन गेले.

आम्ही पेल्यांची संख्या तीनवर आणली. दोन पेले एकाच कॉफीचे, तिसरा दुसरीचा. वेगळा कोणता, एवढेच सांगावयाचे. आवडीनिवडीचा प्रश्नच काढून टाकला. अंदाजाने उत्तर बरोबर येण्याचा संभव तीनांत एक, म्हणून बारा माणसांपैकी चारजण न समजताही बरोबर येतील. आठजण किंवा त्याहून अधिक बरोबर आले, तर मात्र निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, कारण तसे शंभरात दोनदा घडणेही कठीण.

ऐकताना हे सोपे वाटते; करताना घाम फुटला. सकाळचा पहिला घाणा थंड यंत्राचा आणि चौथा तापलेल्या यंत्राचा. सर्व जुने घाणे आधी काढले असते, तर यंत्राचा दोष पद्धतीच्या माथी बसला असता. म्हणून पहिला घाणा जुना, दुसरा नवा, तिसरा नवा, चौथा जुना, असा क्रम धरला. मुंबईच्या पावसाळी हवेत कच्च्या बिया ओल धरतात, म्हणून दोन्हींसाठी एकाच पोत्यातील बिया एकाच सकाळी तोलल्या. भाजल्यावर दोन्हींना सारखीच दोन दिवसांची विश्रांती दिली, कारण ताज्या भाजलेल्या कॉफीतून वायू निघत असतो आणि चव स्थिर नसते. विद्यार्थ्याची पत्नी आतल्या खोलीत स्टीलचे पेले भरी, बुडाला खडूची खूण करी आणि चिठ्ठी निघेल त्या क्रमाने ते तबकात मांडी. मामा ते बाहेर आणीत. खुणेचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. रंगावरून ओळख पटू नये, म्हणून पिणाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला जाई. शेजारचा फूलवाला म्हणाला, "म्हातारपणी आंधळी कोशिंबीर!" आणि रुमाल बांधून मुकाट्याने बसला.

पहिल्या दिवशी चौदा मिनिटांची आणि अकरा मिनिटांची कॉफी ठेवली. चिकोरी आणि दूध नेहमीप्रमाणे. बारांपैकी पाच उत्तरे बरोबर आली. मी दुसऱ्या पेल्यावर बोट ठेवून, "यात शंकाच नाही," असे सांगितले होते. बुडाची खूण पाहिली, तो मी सपशेल चुकलो होतो. पन्नास वर्षे रोज दोनदा कॉफी पिणारा माणूस मी! विद्यार्थ्याने वहीत माझ्या नावापुढे तांबड्या शाईने फुली मारली. अशी फुली मी त्याच्या वहीत कितीदा मारली होती, याचा हिशेब त्याने बहुधा ठेवला असावा.

दुसऱ्या परीक्षेत फक्त पोते बदलले. सहा उत्तरे बरोबर आली. चारांपेक्षा अधिक, आठांपेक्षा कमी. धड होय नाही आणि धड नाही असेही नाही. विद्यार्थी म्हणाला, "सहा म्हणजे निम्मे, तेव्हा फरक आहेच." मी त्याला थांबवले. दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा पुन्हा घेतली. तेव्हा चारच बरोबर आली.

तिसऱ्या परीक्षेला फक्त चिकोरी बदलली. जुन्या चिकोरीचा एक बंद डबा सुदैवाने शिल्लक होता. यावेळी दहाजणांनी वेगळा पेला अचूक काढला. विद्यार्थ्याच्या ऐंशी वर्षांच्या आईने तर पहिल्याच घोटाला पेला बाजूला सारला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. "करपट म्हणते आहे," त्याने अर्थ सांगितला.

सगळ्यांना आनंद झाला. तेवढ्यात त्याचा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, तो डबा तीन महिन्यांचा जुना आहे आणि नवी चिकोरी परवा आली. फरक जुनेपणाचा नसेल कशावरून?"

कोणीच बोलेना. मुलाची शंका रास्त होती. मग गुजरातेतील व्यापाऱ्याला विचारले, तेव्हा आपण चिकोरी अधिक काळपट भाजतो, असे त्याने सांगितले. सौम्य भाजलेल्या चिकोरीचे एक पोते मागवले आणि ते जुन्या डब्याशी ताडून पाहिले. आता बारांपैकी पाचच उत्तरे बरोबर आली. पोते ताजे आणि डबा जुना असूनही माणसांना फरक कळेना. तेव्हा दोष जुनेपणाचा नव्हता, चिकोरीच्या भाजण्याचा होता.

अकरा मिनिटांची पद्धत निर्दोष ठरली, असे आता विद्यार्थ्याला वाटले. त्याची आई मात्र म्हणाली, "दुधाशिवाय पाहा." म्हणून चिकोरी आणि दूध वगळून नुसत्या पीबेरीची परीक्षा घेतली. नऊ उत्तरे बरोबर आली! दुधाने आणि चिकोरीने जो फरक झाकला होता, तो कोऱ्या कॉफीत उघडा पडला. मग तो वहीत लिहू लागला : मिश्रणासाठी अकरा मिनिटे, शुद्ध पीबेरीसाठी, वडिलांप्रमाणे, चौदा. मी त्याला पहिल्या ओळीपुढे 'तूर्त' हा शब्द घालावयास सांगितले. बारा माणसांना फरक कळला नाही, एवढ्यावरून तो कोणालाच कळणार नाही, असे म्हणता येत नव्हते.

महिनाअखेरीस आम्ही दोघे त्या उपाहारगृहात गेलो. दुपारची वेळ होती, गर्दी ओसरली होती. विद्यार्थ्याने तीन पेले पुढे ठेवले. दोन सुधारलेल्या मिश्रणाचे, एक आषाढातल्या. वृद्ध मालकांनी डोळ्यांवर रुमाल बांधू दिला, तिन्ही पेल्यांतून एकेक घोट घेतला आणि तिसरा पेला दूर लोटला. "हीच ती," ते म्हणाले. उत्तर बरोबर होते. मग विद्यार्थ्याने त्यांना सर्व काही सांगितले. चिकोरीचे सांगितलेच, आणि ज्याची त्यांना शंकाही आली नव्हती ते अकरा मिनिटांचेही सांगितले. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

मालकांनी उरलेल्या दोन पेल्यांतला एक उचलून पुन्हा चाखला. "ही अकराची का?"

"होय."

त्यांनी पेला संपवून खाली ठेवला. "महिनाभर हीच पाठव," ते म्हणाले. "माझ्या गिऱ्हाइकांना कळले, तर मी येऊन सांगेन."